माघी पौर्णिमा, मेकाँगच्या काठी

लग्न होऊन फोंड्याला आल्यापासून आईने मंगेशीची माघी जत्रा कधी चुकवली नव्हती. माझी बँकेतली रजा मंजूर झाली, तिकिटं निघाली आणि मग कालनिर्णय उघडलं, तर १२ फेब्रुवारीला पौर्णिमा! महारथाच्या दिवशी आम्ही लाओसमध्ये असणार होतो. मी तिकिटं बदलायला निघाले, पण आईनेच थांबवलं. रथसप्तमीला ती मंगेशीला जाऊन आली, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि येताना जत्रेतल्या दुकानातून आल्याच्या खाज्याचे दोन पुडे घेऊन आली. "परदेशात तोंडात टाकायला काहीतरी आपलं असू दे," म्हणाली.

आम्ही तिघं: अडुसष्ट वर्षांची आई, बांधकामाची कंत्राटं घेणारा माझा नवरा आणि मी. बेत असा की बँकॉकला उतरायचं आणि तिथून विमानाचं नाव न घेता रेल्वे, बस, व्हॅन आणि होडी असं करत थायलंडचा ईशान्य भाग, लाओसचं दक्षिण टोक आणि मग कंबोडियात अंगकोरपर्यंत जायचं. अंगकोरला विमानाने थेट जाता येतं, पण तिथल्या राजांचे रस्ते, त्यांची जुनी राजधानी, त्यांचा मूळ डोंगर हे सगळं जमिनीवरून जाताना ओळीने लागतं. देव कसा कसा आणि कुठून कुठे गेला, हे आम्हाला त्या ओळीने बघायचं होतं.

एक सूचना आधीच. आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलो. त्यानंतर त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंड आणि कंबोडियात सीमेवर लढाई झाली आणि त्या दोन देशांमधली जमिनीवरची ठाणी बंद पडली. आमचा रस्ता लाओसमधून होता, तरी थायलंडमधल्या फनॉम रुंग देवळाचा भाग त्या सीमेला जवळ आहे. निघण्यापूर्वी ताजी परिस्थिती बघूनच बेत करा.

दिवस १ आणि २ : बँकॉक ते फिमाई

बँकॉकमध्ये फक्त झोपलो. सकाळी रेल्वेने कोराट. या शहराचं पूर्ण नाव नाखोन रात्चासीमा. फलाटावरची पाटी मी मोठ्याने वाचली आणि आई लगेच म्हणाली, "नगर, राज, सीमा. एवढं तर मलाही कळतं." त्यानंतर प्रत्येक स्टेशनवर तिला तोच नाद लागला. बुरीराममध्ये तिला पुरी आणि रम्य सापडलं आणि उबोन रात्चाथानी म्हणजे राजधानी. उबोन म्हणजे उत्पल, कमळ, हे मी तिला फोनवर शोधून सांगितलं.

कोराटहून बसने दीड तासावर फिमाई. अंगकोरहून निघालेला जुना राजरस्ता, सव्वादोनशे किलोमीटरचा, इथे येऊन संपायचा. अंगकोर बांधणाऱ्या ख्मेर लोकांची बहुतेक देवळं पूर्वाभिमुख असतात, फिमाईचं तोंड मात्र दक्षिणेला, अंगकोरच्या बाजूला आहे. अकराव्या-बाराव्या शतकातलं हे महायान बौद्ध देऊळ. बाहेरच्या दारांवरच्या आडव्या शिळांवर रामायण कोरलेलं आहे आणि आत गेलात की शिळांवर बुद्ध. बाहेर राम, आत बुद्ध, आणि मध्ये फक्त एक उंबरा.

नवरा मात्र कुंपणाच्या भिंतीपाशीच अडकला. तांबूस, भोकाभोकांचा दगड. त्याने त्यावर हात फिरवला, नखाने खरवडून पाहिलं. "अगं, हे तर चिरे!" चिरेच होते. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर ठेवला की टणक होणारा आपला जांभा. ख्मेर लोकांनी पाया, कुंपणं, तळ्यांच्या पायऱ्या आणि आतल्या भिंती चिऱ्यांत बांधल्या आणि कोरीव कामापुरता वालुकाश्म वापरला. पुढचे दहा दिवस प्रत्येक देवळात तो आधी पायथ्याशी वाकून चिरे बघायचा आणि मगच वर मान करायचा.

दिवस ३ : फनॉम रुंग

फिमाईहून गाडी ठरवून गेलो. सार्वजनिक वाहनाने हे देऊळ गाठणं जिकिरीचं आहे, तिघं-चौघं असाल तर दिवसाची गाडीच परवडते. मुक्काम नांग रोंगला.

विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर शिवाचं देऊळ. खालून लांबच लांब फरसबंदी वाट, मग पाच फण्यांच्या नागांचे कठडे असलेला पूल, मग पायऱ्या. मुख्य दाराच्या वर नाचणारा शिव आणि त्याच्याच खाली शेषशायी विष्णू. ही विष्णूची शिळा १९६० च्या दशकात इथून नाहीशी झाली आणि अमेरिकेत शिकागोच्या संग्रहालयात सापडली. थायलंडच्या लोकांनी ती परत मागण्यासाठी मोठी चळवळ केली आणि १९८८ मध्ये ती परत येऊन आपल्या जागी बसली. शेजारी उभ्या असलेल्या एका शाळेच्या सहलीतल्या बाई मुलांना बोट दाखवून तेच सांगत असाव्यात. "शिकागो" एवढा शब्द आम्हाला कळला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. बौद्ध देशातली मुलं विष्णू घरी परतला म्हणून टाळ्या वाजवत होती. मला भरून आलं.

वर्षातून चार वेळा, एप्रिल आणि सप्टेंबरात उगवताना आणि मार्च-ऑक्टोबरात मावळताना, सूर्य इथल्या पंधराही दारांतून आरपार दिसतो. आम्ही त्या दिवसांत नव्हतो. पण दुपारच्या उन्हात सगळी दारं एका रेषेत आणि त्यांच्या टोकाला निळं आकाश, एवढंही पुरे होतं. पायथ्याशी मुआंग ताम हे आणखी एक देऊळ आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी नाग असलेली चार तळी, त्यांत कमळं. आईला तिथून उठवत नव्हतं.

दिवस ४ : बुरीराम ते उबोन

सोमवार. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहार. थायलंडमध्ये भाजीवर सुद्धा मासळीचा सॉस पडतो, त्यामुळे शाकाहारी लोकांनी 'जे' हा शब्द पाठ करावा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. अशा ठिकाणी मांस, मासे, अंडी काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. आई खूश. उबोनच्या बाजारात तिने भात आणि मशरूमची भाजी जेवली आणि सोबत घरून नेलेली मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची फोड.

दिवस ५ : सीमेपलीकडे, चंपासक

सकाळची बस, चोंग मेकचं ठाणं, व्हिसा, पाक्से. लाओसचा व्हिसा भारतीयांना सीमेवर मिळतो. दोन फोटो आणि डॉलरच्या कोऱ्या नोटा जवळ ठेवा. एका डॉलरला वीस हजारांहून जास्त किप मिळाले. नवऱ्याने लाखांची पुडकी खिशात भरली आणि दिवसभर हिशेब चुकवत राहिला.

पाक्सेहून मेकाँगच्या काठाने चंपासक. आणि इथे आमचा घोटाळा झाला. दोन महिने आधी राखून ठेवलेली खोली गेस्ट हाऊसने दुसऱ्याला देऊन टाकली होती. जवळच्या 'वाट फू' या देवळाच्या जत्रेमुळे गावात पाय ठेवायला जागा नव्हती. सामान रस्त्यावर, ऊन डोक्यावर आणि आई एका फणसाच्या झाडाखाली बसलेली.

समोरच्या लाकडी घरातून एक बाई उतरून आली. साठीची असावी. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला लाओ येत नव्हती. तिने आईच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, आमच्या बॅगांकडे बघितलं आणि आईची पिशवी उचलून चालायला लागली. खांबांवर उभं असलेलं घर, वर एक मोठी खोली, चटया, मच्छरदाणी. तिचा नातू फोनवर भाषांतर करून सांगत होता की पैसे नकोत, हवं तर देवळात द्या. आम्ही तिला काय म्हणायचं विचारलं, तर मुलगा म्हणाला, "मे." लाओ भाषेत मे म्हणजे आई. त्या घरात त्या रात्री दोन आया होत्या आणि दोघी एकमेकींना "मे" म्हणत होत्या.

संध्याकाळी ती ओटीवर बसून उद्यासाठी केळीच्या पानांचे शंकू करत होती. पानाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, टोक दुमडून त्रिकोण करायचा, एकावर एक त्रिकोण रचत न्यायचे, मध्ये काडीची टाचणी. खाली रुंद, वर निमुळता, देवळाच्या शिखरासारखा. मग थरांमध्ये झेंडूची फुलं खोवायची. आमच्या गोव्यात झेंडूला रोजां म्हणतात. आई दहा मिनिटं बघत राहिली आणि मग काही न बोलता पट्टी हातात घेतली. गणपतीच्या दिवसांत पत्रावळी आणि द्रोण करणारा हात. तिचा पहिला शंकू वाकडा झाला. मेने तो उलगडून परत तिच्या हातात दिला. दुसरा सरळ आला. रात्री आईने खाज्याचा पुडा फोडला. मेने एक कांडी तोंडात टाकली, आलं झोंबलं तशी डोळे मिटून हसली आणि शेजारच्या चार घरांत वाटून आली.

दिवस ६ : माघी पौर्णिमा, वाट फू

पहाटे साडेपाचला निघालो. पूर्ण चंद्र डोंगराच्या मागे उतरत होता. तो डोंगर फू काओ. उंची चौदाशे मीटरच्या वर आणि माथ्यावर एक नैसर्गिक सुळका, अगदी शिवलिंगासारखा. म्हणून जुन्या संस्कृत लेखांत त्याचं नाव लिंगपर्वत. मेकाँगच्या काठावर, याच डोंगराच्या समोर, पाचव्या शतकात एक शहर होतं. तिथे सापडलेल्या शिलालेखात देवानीक नावाच्या राजाने इथे नवं कुरुक्षेत्र तीर्थ स्थापल्याचं लिहिलं आहे. अंगकोर वाट बांधलं जायला तेव्हा अजून सहाशे वर्षं होती.

खाली मैदानात हजारो माणसं ओळीने चटयांवर बसली होती. प्रत्येकासमोर चांदीचं किंवा पितळेचं भांडं आणि बांबूच्या टोपलीत चिकट भात. भगव्या चीवरातले भिक्षू एकामागून एक येत होते आणि प्रत्येक जण चिमूटभर भात त्यांच्या पात्रात घालत होता. थायलंड-लाओसमध्ये या दिवसाला माखा बुसा म्हणतात, म्हणजे माघपूजाच. राजगृहाच्या वेळुवनात १२५० शिष्य न बोलावता बुद्धाकडे जमले, त्याची ही पौर्णिमा. आईही मेच्या शेजारी बसली. डोक्यावर पदर, हातात भाताचा गोळा. मंगेशीला त्याच वेळी रथाची तयारी चालू असणार.

मग चढण. दोन मोठी तळी, मधून दोन्ही बाजूंना दगडी खांबांची वाट, मग समोरासमोर दोन चौक. इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं जीर्णोद्धाराचं काम चालू आहे, तिरंगा असलेली पाटी बघून बरं वाटलं. त्यानंतर पायऱ्या सुरू होतात. अरुंद, उभ्या, झिजलेल्या, आणि दोन्ही बाजूंना चाफ्याची जुनी, वाकलेली झाडं. पानं गळलेली, फांद्यांच्या टोकाला फुलं. हा चाफा लाओसचं राष्ट्रीय फूल आहे, दोक चंपा. आईने पहिल्या पायरीशी चपला काढल्या. इथे फक्त वर गाभाऱ्यापाशी काढायच्या असतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "डोंगरच देव आहे ना? मग देऊळ इथूनच सुरू झालं."

वाटेत एक द्वारपालाची मूर्ती आहे. लोक तिला हे देऊळ बांधणारा राजा कम्मथा मानतात आणि तिच्यापुढे फुलं, उदबत्त्या, केळीचे शंकू ठेवतात. आईने तिचा सरळ आलेला शंकू तिथे ठेवला.

वरच्या पायरीवर सोळा-सतरा पावलांचं लहानसं देऊळ. दाराच्या शिळेवर तीन तोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र. आत भगवी वस्त्रं पांघरलेले मोठे बुद्ध. त्यांच्या मागे जी विटांची खोली आहे, तिथे पूर्वी शिवलिंग होतं. आणि तिच्याही मागे कातळाच्या कपारीतून पाणी झिरपतं. हे पाणी दगडी पन्हळीतून थेट लिंगावर पडेल अशी रचना होती. अखंड अभिषेक, माणसाच्या हाताशिवाय. लिंग आता नाही. पाणी मात्र अजून येतं. लोक रांगेने ओंजळ धरतात, डोक्यावर घेतात, बाटल्या भरतात. बाजूच्या कातळावर ब्रह्मा, विष्णू आणि मध्ये शिव कोरलेले आहेत, त्यांच्यापुढेही मेणबत्त्या.

आईने ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. मग बराच वेळ काही बोलली नाही. खाली मैदान, तळी, त्यापलीकडे मेकाँग. मग म्हणाली, "मंगेशाला कुठ्ठाळीहून होडीत घालून पलीकडे आणावं लागलं. लिंग तरी उचलता येतं. यांचा डोंगर कोण उचलून नेणार?"

मी गोव्यात वाढले, ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. १५६० मध्ये, पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा, कुठ्ठाळीच्या लोकांनी मंगेशाला जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आणलं. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आली, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याहून, नार्व्याचा सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून. सप्तकोटेश्वराचं देऊळ तर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधायला घेतलं. आमच्याकडे देव सांभाळायचे तर जागा सोडावी लागली. इथे राजे बदलले, धर्म बदलला, गाभाऱ्यात शिवाच्या जागी बुद्ध आला, पण लोक त्याच पायऱ्या चढतात आणि तेच पाणी डोक्यावर घेतात. आईच्या त्या एका प्रश्नाने हा फरक माझ्या आत नीट बसला.

तिने जवळची लहान बाटली त्या पाण्याने भरून घेतली.

रात्री मेणबत्त्या घेऊन लोक प्रदक्षिणा घालतात. चंद्र वर, खाली हजारो ज्योती, ढोल आणि भाजलेल्या कोंबडीचा धूर. जत्रा म्हणजे जत्राच. निघताना मेने आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. माणसाचे प्राण इकडेतिकडे भटकू नयेत, शरीरात टिकून राहावेत म्हणून हा दोरा. तीन दिवस तरी काढायचा नाही आणि काढताना कापायचा नाही, सोडवायचा.

जत्रेच्या काळात जाणाऱ्यांनी खोलीची खात्री फोन करून दोनदा करावी. वरच्या पायऱ्यांसाठी पकडीचे बूट हवेत आणि चढायला सकाळी आठच्या आत सुरुवात करावी, नंतर दगड तापतात.

दिवस ७ : डॉन खोन

मेकाँग इथे हजारो बेटांत फुटते. सायकली घेऊन फ्रेंचांनी बांधलेला जुना रेल्वे पूल पाहिला. धबधब्यामुळे होड्या वर जाऊ शकत नव्हत्या म्हणून त्यांनी बेटावर रूळ टाकले होते. इथल्या डोहातले इरावती डॉल्फिन २०२२ मध्ये संपले. मेकाँगची केळीच्या पानात भाजलेली मासळी मात्र अप्रतिम. खोन फापेंगचा धबधबा आमच्या दूधसागरासारखा उंच नाही, आडवा, रुंद आणि मातकट आहे, आणि त्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही.

दिवस ८ : कंबोडिया आणि काजू

सीमा ओलांडून स्टुंग ट्रेंगचा पूल पार केला आणि पुढे तासाभराने व्हॅन बंद पडली. पट्टा तुटला होता. नवा पट्टा आणायला चालक कोणाच्या तरी मोटरसायकलवर गेला तो तीन तासांनी आला. तोवर आम्ही रस्त्याच्या कडेला. पण कडेला होती काजूची बाग! फेब्रुवारी, काजूचा हंगाम. लाल-पिवळी बोंडं झाडाखाली पडलेली आणि एक कुटुंब बिया पिळून वेगळ्या करत होतं. बिया आपल्यापेक्षा मोठ्या. पोती भरून त्या व्हिएतनामला जातात. बोंडं मात्र नुसती मातीत. आई कळवळली. "हुर्राक काढत नाहीत?" मी फोनवर भाषांतर केलं. बाईला कळेना. मग आईने बोंड हातात घेऊन पिळून रस दाखवला, चाखला, आंबवून, भट्टी लावून दारू कशी होते ते हातवारे करून सांगितलं. मुलं खो खो हसत होती. आजोबा मात्र गंभीरपणे ऐकत होते. त्यांनी परत परत बोंडांच्या ढिगाकडे बघितलं आणि शेवटी दोन्ही हात जोडून आईला नमस्कार केला.

कंपाँग थोमला पोचायला रात्र झाली.

दिवस ९ : साम्बोर प्रेई कुक

सातव्या शतकातली राजधानी, ईशानवर्मा राजाचं ईशानपूर. ईशान म्हणजे शिव. गावापासून तीसेक किलोमीटर आत, जंगलात शंभराहून जास्त विटांची देवळं, काही अष्टकोनी. भिंतींवर विटांतच कोरलेले उडते प्रासाद, त्यांच्या खिडक्यांतून डोकावणारी माणसं. एका देवळाला झाडाच्या मुळांनी इतकं कवटाळलं आहे की वीट कुठली आणि मूळ कुठलं कळत नाही. २०१७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, तरी सकाळी आमच्याशिवाय तिथे जेमतेम दहा माणसं होती. अंगकोरच्या आधी हे बघाच.

देवळांच्या मधे मोठे गोल खड्डे आहेत, आता गवताने भरलेले. वाटाड्या म्हणाला, अमेरिकन बॉम्बचे, १९७० च्या सुमाराचे. भूसुरुंग काढून झाल्यावरच लोकांना इथे फिरू दिलं. आखलेल्या वाटेवरूनच चाला.

दिवस १० ते १२ : अंगकोर

अंगकोरवर लिहिणाऱ्यांची कमी नाही, म्हणून मी आम्हाला लागलेल्या गोष्टी तेवढ्या सांगते. पास अधिकृत तिकीट केंद्रावरच घ्या. एक दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, सात दिवसांचे ७२. तीन दिवसांचाच घ्या. बांते स्रेई आणि क्बाल स्पीन त्यातच येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बौद्ध पवित्र दिवशी अंगकोर वाटचा सर्वांत वरचा मजला बंद असतो. फाटलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही.

अंगकोर वाट विष्णूचं, बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं. पश्चिमेच्या प्रवेशद्वाराच्या उजव्या दालनात अष्टभुज विष्णूची पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती आहे. लोक तिला ता रीच म्हणतात, म्हणजे राजा-पूर्वज. अंगावर सोनेरी रेशमी वस्त्र, गळ्यात हार, पुढे नारळ आणि कमळाच्या कळ्या. बौद्ध कुटुंबं येऊन मुलाच्या लग्नाचं, आजाराचं सांगतात. एका बाईचा तोंडातल्या तोंडात चाललेला सूर ऐकून आई थबकली. "गाऱ्हाणं घालतेय," ती म्हणाली. शब्द कळत नव्हते, पण सूर आमच्या भटजींच्या गाऱ्हाण्याचाच होता.

समुद्रमंथनाची शिल्पपट्टी ४९ मीटर लांब. आईने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक देव आणि प्रत्येक असुर बघत, चालत पाहिली. पाऊण तास लागला. वासुकीच्या अंगावरचे खवलेसुद्धा वेगवेगळे आहेत.

त्या ओवऱ्यांत बसून मी नवऱ्याला एक गोष्ट सांगितली. युरोपातून अंगकोरला आलेल्या पहिल्या माणसांपैकी एक पोर्तुगीज पाद्री होता, अंतोनियो दा मादालेना. १५८६ मध्ये तो इथे आला आणि थक्क झाला. त्याने सांगितलेली हकीकत लिहून ठेवली दिओगो दो कोतो या इतिहासकाराने. हा कोतो गोव्यात राहायचा, तिथलं दफ्तर सांभाळायचा आणि १६१६ मध्ये गोव्यातच वारला. मंगेशाने नदी ओलांडून तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. त्याच राजवटीतला एक माणूस इथे विष्णूच्या देवळासमोर उभा राहून सांगत होता की लेखणीने याचं वर्णन करता येत नाही. हे कागद गोव्यात लिहिले गेले, या विचाराने मला अजून झोप येत नाही.

इथेही सगळं गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. जयवर्मा सातवा बौद्ध होता, त्याने बायोन, प्रेह खान, ता प्रोम बांधलं. त्याच्यानंतर शैवांची लाट आली आणि प्रेह खानच्या भिंतींवरचे बुद्ध एकेक करून छिन्नीने खरवडले गेले. काहींना दाढी कोरून ऋषी केलं. ओळीने रिकामे कोनाडे. आईने एका कोनाड्यात बोट फिरवलं, छिन्नीच्या खुणा अजून हाताला लागतात. "हे आपल्याच लोकांनी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी जेवताना ती फारशी बोलली नाही.

बांते स्रेई शेवटी ठेवा. इ. स. ९६७ चं, गुलाबी दगडाचं, राजगुरू यज्ञवराहाने बांधलेलं शिवमंदिर. रावण कैलास हलवतोय आणि घाबरलेली पार्वती शिवाला बिलगली आहे, ही शिळा अगदी बारकाव्याने कोरली आहे. तिथूनच पुढे क्बाल स्पीन, जिथे नदीच्या तळावर शेकडो लिंगं कोरली आहेत, म्हणजे वाहतं पाणीच अभिषेक. फेब्रुवारीत पाणी घोट्याएवढंच, पण त्यामुळे लिंगं स्वच्छ दिसली.

रात्री सिएम रीपमध्ये आमोक जेवलो. नारळाच्या दुधात, हळद आणि गवती चहाच्या वाटणात केळीच्या पानात उकडलेला मासा. आई म्हणाली, "हुमणाची मावशी. फक्त सोलां विसरली." हुमण म्हणजे आमची नारळाच्या वाटणातली माशाची आमटी आणि सोलां म्हणजे आमसुलं.

परत

सिएम रीपचा नवा विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, वेळ हाताशी ठेवा. बँकॉक, मुंबई करत सकाळी दाबोळीला उतरलो. बोरीच्या पुलावरून जाण्याऐवजी आईने गाडी कुठ्ठाळीला वळवायला सांगितली. "फेरीने जाऊया," म्हणाली. मडकईची फेरीबोट लागलेलीच होती. एवढी वर्षं फोंड्यात राहून ती कधी या फेरीत बसली नव्हती.

बोट सुटली. आईने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि कठड्याशी गेली. मनगटावरचा मेचा दोरा मळून करडा झाला होता, तो तिने अजून सोडवला नव्हता. नदीच्या मध्यावर तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि डोंगराचं ते पाणी हळूहळू जुवारीत सोडलं. अर्धी झाल्यावर थांबली.

"उरलेलं असू दे," झाकण लावत म्हणाली. "सोमवारी मंगेशीला जायचं आहे."